फोटो धुरकट येताहेत? लेन्स उघडायला देण्याआधी हे क्रमाने बघा

दर जुलैत वेगवेगळ्या माणसांकडून मला एकच निरोप येतो. "ताई, लेन्स गेली वाटतं. सगळे फोटो धुरकट आलेत." सोबत हरिश्चंद्रगडाचा नाहीतर राजमाचीचा एखादा फोटो असतो. डोंगर दिसतो, पण त्याला धार नसते. आमचा मुंबईतला ट्रेक करणाऱ्यांचा आणि पक्षी बघणाऱ्यांचा एक गट आहे. त्यात मी बरीच वर्षं कॅमेरा घेऊन फिरते, आणि या एका तक्रारीचा छडा लावायचं काम हळूहळू माझ्याकडेच आलं. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा लेन्सला काहीही झालेलं नसतं. काचेवर ओल असते, हवेत ओल असते किंवा शटरचा वेग कमी पडलेला असतो. उरलेल्या वेळी मात्र आत बुरशी धरलेली असते, आणि ती उशिरा कळली तर लेन्स खरोखरच हातची जाते. म्हणून घाबरून दुकानात धावू नका आणि "पावसाळ्यात चालायचंच" म्हणून सोडूनही देऊ नका.

आधी लक्षण ओळखा

"धुरकट" या एका शब्दाखाली लोक निदान सात-आठ वेगळे दोष सांगतात. फोटो उघडा आणि त्यातलं तुमचं कोणतं ते ठरवा.

- अख्ख्या फोटोवर दुधी पडदा, काळा रंग राखाडी झालेला, आणि अर्ध्या-पाऊण तासानंतरचे फोटो आपोआप स्वच्छ: काचेवर बाष्प धरलं होतं.
- समोरचं कारवीचं झुडूप नीट, पण पलीकडचा सुळका फिका निळसर: हवेतला धूसरपणा.
- लांबच्या पक्ष्याच्या कडा लहरी, आणि लागोपाठच्या दहा फोटोंत दरवेळी वेगळ्या: तापलेल्या हवेच्या लाटा.
- सगळं चित्र एकाच दिशेला ओढल्यासारखं, पानावरचे चमकते थेंब ठिपक्यांऐवजी छोट्या रेघा: कॅमेरा हलला.
- पक्षी मऊ, पण त्याच्या मागची नाहीतर पुढची फांदी शार्प, आणि दरवेळी असंच: फोकस पुढेमागे पडतोय.
- एक बाजू शार्प आणि दुसरी कायम पुसट: आतली एखादी काच तिरकी झाली आहे.
- सावलीत फोटो बरे, पण सूर्याच्या दिशेला कॅमेरा वळवला की सगळं पांढरटतं: काचेवर डाग, फिल्टरचा दोष किंवा आत बुरशी.

आकाशात एकाच जागी येणारे गोल करडे ठिपके ही निराळी गोष्ट. ती कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरची, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवरची धूळ. तिने फोटो धुरकट होत नाही.

१. मूळ फोटो पूर्ण मोठा करून बघा

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो बघून मी कधीच निदान करत नाही. तिथे तो दाबून बारीक झालेला असतो. कार्डावरची मूळ फाइल संगणकावर शंभर टक्के मोठी करा आणि कुठे तरी, कोपऱ्यात का होईना, शार्प जागा आहे का ते शोधा. एक जरी पान, एक जरी दगड लख्ख सापडला तर काच बहुतेक ठीक आहे आणि दोष फोकसचा किंवा हवेचा आहे. कुठेच काही लख्ख नसेल तर पुढे वाचा. या तपासणीला काही खर्च नाही, आणि निम्मे लोक हिच्यापाशीच सुटतात.

२. फिल्टर काढा, मग पुढची आणि मागची काच बघा

लेन्सवर यूव्ही फिल्टर चढवलेला असेल तर तो काढून तोच फोटो पुन्हा घ्या. स्वस्त फिल्टर वाइड लेन्सवर खपून जातो, पण ३०० किंवा ४०० मिलिमीटरच्या टेलिवर, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सवर, तोच फिल्टर अख्खा पक्षी मऊ करतो, कारण टेलि काचेतला बारीकसा दोषही मोठा करून दाखवते. फिल्टर आणि पुढची काच यांच्या मधे वाफ कोंडून बसते, ती वेगळीच. पावसाळी ट्रेकला फिल्टर लावायचा की नाही यावर लोक वाद घालतात. माझं मत असं, की हूड (लेन्सच्या तोंडाला लावायचा आडोसा) लावा आणि फिल्टर घरी ठेवा. कोकणकड्यावर खालून वर येणारा पाऊस असेल तर गोष्ट निराळी. तिथे मीही लावते.

काच पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग स्वच्छ मायक्रोफायबरने मधून कडेकडे गोल पुसत जा. टी-शर्टचा कोपरा किंवा ओढणी वापरू नका. डोंगरातली धूळ म्हणजे दगडाचा चुरा. ती काचेवर चोळली की ओरखडे पडतात, आणि ते कायमचे राहतात. तोंडाने फुंकरही मारू नका, थुंकीचे कण जातात.

मागच्या काचेकडे मात्र जवळजवळ कुणाचंच लक्ष नसतं. मी स्वतः हा धडा भीमाशंकरला शिकले. खांडसहून गणेश घाटाने चढून गेलो होतो. सकाळी धुक्यात एक शेकरू उंबरावर येऊन बसलं, शेपटी फांदीवरून खाली लोंबत होती, निवांत फळ कुरतडत होतं. मी वाइड काढून टेलि लावली. डोळा लावला तर आत सगळं दूध. पुढची काच तीनदा पुसली, तरी तेच. शेकरू पुरती चार-पाच मिनिटं समोर होतं आणि माझ्याकडे त्याचा एकही धड फोटो नाही. मागाहून लेन्स काढून बघितली तर मागच्या काचेवर वाफेचा जाड थर होता. धुक्यात उघड्यावर लेन्स बदलताना तो धरला आणि मग बॉडीच्या आत कोंडला गेला. तेव्हापासून लेन्स बदलायची तर छत्रीखाली, कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे करून, आणि जोडण्याआधी मागच्या काचेवर एक नजर. त्याला तीन सेकंद लागतात.

३. बाष्प

मुंबईकरांच्या धुरकट फोटोंचं हे पहिल्या क्रमांकाचं कारण आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

हवेत जितकी ओल, तितक्या चढ्या तापमानालाच तिचं पाणी होतं. पावसाळ्यात बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही आपली रोजची गोष्ट. अशा हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २६ पेक्षा थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर पाणी धरणार. तुमचा कॅमेरा रात्रभर २४ अंशांवरच्या एसी खोलीत होता, किंवा पहाटे एसी गाडीतून माळशेजपर्यंत आला. काच थंडगार झालेली. गाडीचं दार उघडून तुम्ही कॅमेरा बाहेर काढलात, त्या क्षणी फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीचं जे होतं तेच लेन्सचं होतं.

बाहेरच्या काचेवरची वाफ कॅमेरा हवेच्या तापमानाला आला की जाते. साधारण वीस मिनिटं ते पाऊण तास लागतो, मोठ्या टेलिला जास्त. पुसत बसू नका. पुसलं की पुन्हा धरते आणि वर फडक्याचे फराटे उमटतात. खरा त्रास आतल्या वाफेचा आहे. झूम लेन्स म्हणजे लोहाराचा भाता. पुढेमागे केली की दरवेळी आत हवा ओढते. थंड लेन्सने दमट हवा आत घेतली की काचांच्या मधे वाफ धरते, आणि ती तासन्‌तास जात नाही. म्हणून काचेवर वाफ दिसत असताना झूम फिरवू नका, फोकसची कडी उगाच घुमवू नका आणि लेन्स बॉडीवरून काढू नका.

उपाय अगदी साधे आहेत:

- ट्रेकच्या आदल्या रात्री बॅग एसीच्या खोलीत ठेवू नका. बाहेरच्या खोलीत, बंद ठेवा.
- एसी लोकल किंवा एसी गाडीतून जाणार असाल तर कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून पिशवी घट्ट बंद करा. उतरल्यावर अर्धा तास ती उघडू नका. पाणी धरायचं ते पिशवीच्या बाहेरून धरू दे. कसारा स्टेशनवरून जीपने पायथ्याच्या बारीला पोचेपर्यंत हा अर्धा तास सहज जातो, आणि कळसूबाई चढायला लागताना कॅमेरा तयार असतो.
- परतताना पुन्हा तेच होतं. १६४६ मीटरवरच्या थंड वाऱ्यात राहिलेला कॅमेरा खाली गावातल्या उबदार, ओल्या हवेत येतो. तेव्हाही पिशवी बंदच.
- तंबूत किंवा गुहेत झोपताना कॅमेरा उशाशी घेऊ नका. रात्रभराच्या श्वासाची ओल त्याच्यावर बसते.

हेअर ड्रायर वापरू नका. गरम हवेने आतलं ग्रीस पातळ होऊन पसरतं आणि काचा चिकटवलेला गोंद सैल पडू शकतो. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. तांदळाची पूड फटींत जाते, आणि ओल शोषायला तांदूळ काही सिलिका जेलच्या (ओल पिणाऱ्या दाण्यांच्या) जवळपास येत नाही.

काचांच्या मधली वाफ सिलिका जेलच्या डब्यात पूर्ण एक दिवस ठेवूनही तशीच असेल, किंवा आत पाण्याचे थेंब दिसत असतील, तर इथेच थांबा. बॅटरी काढा, कॅमेरा सुरू करून बघू नका आणि दुरुस्तीला न्या. कॅमेरा ओढ्यात पडला असेल तरी हेच. शिवडीला किंवा ऐरोलीला खाडीच्या पाण्यात पडला असेल तर एक दिवसही थांबू नका. खारं पाणी तासांच्या हिशोबात आतले धातूचे भाग खातं, आणि ते घरी सुकवल्याने मीठ आतच राहतं.

४. हवा

हा लेन्सचा दोष नाही, पण लेन्सच्या नावाने यासाठीही भरपूर बोटं मोडली जातात.

शिवडीच्या नाहीतर ठाणे खाडीच्या चिखलावर रोहित (फ्लेमिंगो) बघायला लोक आरामात अकरा वाजता जातात. ऊन चढलेलं असतं, चिखल तापलेला असतो, आणि पक्षी तीनशे मीटर लांब. मधल्या हवेचे गरम-थंड थर प्रकाश वाकवत राहतात. डोळ्याला फारसं जाणवत नाही, पण ६०० मिलिमीटरमधून रोहितांचे पाय पाण्यातल्या सावलीसारखे हलतात. या लाटा कुठल्याही किमतीच्या लेन्सने जात नाहीत. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दीड-दोन तासांत जा, अंतर कमी करा, भरतीचं वेळापत्रक बघून जा म्हणजे पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलतं. एप्रिल-मेच्या ताडोबातही हाच त्रास आहे: तापलेल्या रस्त्यावर लांबवर बसलेला वाघ दुपारी कधीच शार्प येत नाही. आणि जिप्सीच्या तापलेल्या बॉनेटवरून फोटो काढू नका, बाजूने काढा.

डोंगराचा फिकेपणा वेगळा. हिवाळ्यात मुंबईभोवतीची हवा धूळ-धुराने भरलेली असते. येऊरच्या टेकडीवरून समोरचं ठाणं दिसेनासं होतं, तिथे लेन्स काय करणार? पावसाने दोन दिवस झोडपून मग उघडीप दिली की हवा धुतली जाते. त्या काही तासांत नाणेघाटातून कोकणातली गावं मोजता येतात. सह्याद्रीचे लांबचे फोटो घ्यायला याहून चांगली वेळ मला माहीत नाही.

तपासणी सोपी आहे. त्याच लेन्सने, त्याच वेळी, दहा-पंधरा मीटरवरच्या झाडाचं खोड टिपा. ते लख्ख आलं आणि लांबचं आलं नाही, तर दोष मधल्या हवेचा.

५. शटर, स्थिरता, छिद्र

हातात धरून काढताना शटर निदान लेन्सच्या मिलिमीटरच्या आकड्याइतकं वेगवान हवं: ३०० मिलिमीटरला १/३०० सेकंद. क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर हा आकडा दीडपट करा, म्हणजे १/४५० च्या पुढे. स्थिरता देणारी यंत्रणा असेल तर त्याहून कमीवर चालतं, पण ती फक्त तुमचा हात थांबवते, पक्षी थांबवत नाही. उडत्या पक्ष्याला मी १/१६०० च्या खाली जात नाही. कर्नाळ्यात जूनमध्ये तिबोटी खंड्या येतो तेव्हा झाडीत इतका अंधार असतो, की ऑटोवर ठेवलेला कॅमेरा मुकाट्याने १/६० वर उतरतो. मग ताई, लेन्स गेली. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, वाढवा. दाणे आलेला शार्प फोटो सुधारता येतो, हललेला येत नाही. वाइडवर लावलेला पोलरायझर (चकाकी घालवणारा फिल्टर) टेलिवर तसाच राहिला असेल तर तो दीड-दोन स्टॉप, म्हणजे निम्म्याहून जास्त प्रकाश गिळतो, तेही बघा.

ट्रायपॉडवर असताना जुन्या लेन्सची स्थिरता बंद करा, नाहीतर यंत्रणा नसलेला कंप शोधत चित्र सरकवत राहते. वाऱ्यात मधला दांडा वर काढू नका. वजन म्हणून बॅग टांगायची तर ती जमिनीला टेकेल अशी टांगा. झुलणारी बॅग ट्रायपॉडलाही झुलवते.

डोंगर "सगळा फोकसमध्ये हवा" म्हणून एफ २२ लावणारे अजून भेटतात. छिद्र इतकं बारीक केलं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि पूर्ण चित्र मऊ पडतं. एफ ८ ते एफ ११ पुरे.

६. कॅलेंडरची परीक्षा

इथवर काही सापडलं नाही तर आता लेन्सवर संशय घ्यायला हरकत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचं मोठं पान घ्या. तिथी-नक्षत्रांची बारीक अक्षरं असलेलं असेल तर उत्तमच, त्याहून चांगला तक्ता विकत मिळत नाही. ते भिंतीवर सपाट चिकटवा. बिल्डिंगच्या पॅसेजमधे सहा-सात मीटरवर ट्रायपॉड लावा, कॅमेरा पानाच्या बरोबर समोर, तिरका नाही. आयएसओ १००, एफ ८, स्थिरता बंद, दोन सेकंदांचा टायमर. एक फोटो व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, एक मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यूमधे फोकस करून. मग हेच दोन फोटो लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवून.

आता अक्षरं वाचा.

लाइव्ह व्ह्यूमधे लख्ख आणि व्ह्यूफाइंडरमधून पुसट, तर डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) फोकसचं जुळवणं बिघडलंय. बऱ्याच बॉडींमधे त्यासाठी मेन्यूत सोय असते. पानासमोर एकेक पायरी बदलत बघा, आणि मूळचा आकडा आधी लिहून ठेवा. आरसा नसलेल्या मिररलेसमधे फोकस थेट सेन्सरवरच मोजला जात असल्याने हा दोष सहसा नसतो.

दोन्हीत मधोमध लख्ख, पण डावी किंवा उजवी बाजू पुसट, तर कॅमेरा उलटा धरून पुन्हा घ्या. पुसटपणा लेन्सबरोबर फिरून पानाच्या दुसऱ्या बाजूला गेला तर काच तिरकी आहे. हे घरी दुरुस्त होत नाही. लेन्स पडली होती का, आठवा.

फोकस मधेच सुटत असेल, पडद्यावर छिद्राचा आकडा शून्य दिसत असेल, तर माउंटवरचे सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मायक्रोफायबरने हलके पुसा. सँडपेपर, खोडरबर, अत्तराचा स्पिरिट, यांपैकी काहीही नको. हे फोटोग्राफर मित्र सांगतातच, म्हणून लिहिते.

७. टॉर्च लावून आत बघा

यालाही खर्च नाही, पण डोळ्याला सवय लागते, म्हणून शेवटी ठेवलं. रात्री खोलीतले दिवे बंद करा. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, छिद्र पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरा आणि पुढून बघा. लेन्स हळूहळू फिरवा. मग उलट बाजूनेही.

मोकळे चमकते ठिपके म्हणजे धूळ. सगळ्या लेन्समधे असते, फोटोत दिसत नाही, तिच्या मागे लागू नका. सगळीकडे सारखा, श्वास सोडलेल्या आरशासारखा पातळ पडदा असेल तर तो बहुधा आतल्या ग्रीसचा थर. आणि काचेच्या कडेपासून आत सरकणारे, फाटे फुटलेले बारीक पांढरे तंतू म्हणजे बुरशी.

माझ्या जुन्या ७०-३०० मिलिमीटरच्या झूम लेन्समधे मी बुरशी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला तो केस वाटला. फुंकून उडेल असा. मग लेन्स जराशी फिरवली आणि तो केस एकाचे चार झाला, चाराचे दहा. तुळशीचं रोप कुंडीतून उपटल्यावर पांढरी मुळं जशी मातीला धरून असतात, तसे ते तंतू काचेला धरून होते. गणपतीपासून दिवाळीपर्यंत ती लेन्स मी कापडी पिशवीत, लोखंडी कपाटात ठेवली होती. मला वाटलं होतं, कपाट बंद आहे म्हणजे सुरक्षित आहे.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. त्यांना अंधार, स्थिर हवा आणि साधारण ६५-७० टक्क्यांच्या वरची ओल मिळाली की काचेवरच्या अतिसूक्ष्म मळावरही ती वाढते. वाढताना ती आम्ल सोडते, आणि ते काचेवर मुळात दिलेला पातळ थर खातं. म्हणून वेळ महत्त्वाचा. कोवळी बुरशी पुसली जाते. मुरलेली पुसली तरी तिचा नकाशा काचेवर कोरलेला राहतो.

लेन्स उन्हात ठेवून बुरशी जात नाही. काच अतिनील किरणं बरीचशी अडवते, आणि मेलेले तंतू जागेवरच राहतात. उलट उघडी लेन्स उन्हात राहिली तर ती भिंग होऊन काहीतरी जाळेल.

बुरशी सापडली की ती लेन्स बाकीच्यांपासून वेगळी, कोरड्या डब्यात ठेवा. एखाद-दुसरा तंतू अगदी कडेला असेल आणि फोटोत फरक पडत नसेल, तर आर्द्रता खाली आणून दर महिन्याला टॉर्चने बघत राहा. कोरड्या हवेत तिची वाढ थांबते. मधल्या भागापर्यंत पोचली असेल तर दुरुस्ती.

ओल पुन्हा येऊ नये म्हणून डबा

झाकणाला रबरी कडा असलेला मोठा हवाबंद डबा, पापड भरायचा असतो तसा. त्यात आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळवजा यंत्र आणि पाव किलो सिलिका जेल. आकडा ४० ते ५० च्या मधे ठेवा. ६० च्या वर गेला की जेल बदला. ३० च्या खालीही नको, रबर आणि ग्रीस सुकतं. नारंगी जेल घ्या. ओल प्यायलं की ते हिरवं होतं, मग ओव्हनमधे १२० अंशांवर दोन तास ठेवलं की पुन्हा नारंगी. निळ्या जेलमधे विषारी कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात नेऊ नका.

दोन-तीन लेन्स असतील तर ड्राय कॅबिनेट (आतली ओल कमी ठेवणारं विजेचं कपाट) घ्या आणि ते चोवीस तास चालू ठेवा. आमच्या लहानपणी लोक कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवायचे. त्याच्या उबेने ओल कमी व्हायची. आताचा एलईडी बल्ब तेवढा तापत नाही, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत, त्यांची वाफ काचेवर आणि प्लास्टिकवर बसते. आणि कॅमेरा बॅग ही न्यायची वस्तू आहे, ठेवायची नाही. तिचा फोम ट्रेकचं पाणी आठवडाभर धरून ठेवतो. घरी आल्यावर त्याच रात्री बॅग रिकामी करा, कप्पे उघडे करून पंख्याखाली ठेवा, कितीही दमलेले असलात तरी.

कुठे थांबायचं

लेन्सचा एकही स्क्रू स्वतः उघडू नका. व्हिडिओत सोपं दिसतं. काचांच्या मधे कागदाइतक्या पातळ चकत्या असतात, त्या काचांमधलं अंतर ठरवतात. एखादी उलटसुलट बसली की शार्पपणा कायमचा जातो. सेन्सरवर ब्लोअर चालेल, पण त्याने न गेलेली धूळ किंवा तेलाचा डाग जाणकाराकडेच. आतली बुरशी, तिरकी काच, आतलं पाणी, अडकलेली झूम, पडल्यानंतर आलेला खडखडाट, या पाचांत घरचा उपाय शोधू नका. वॉरंटी असेल तर कंपनीच्याच सेवा केंद्रात द्या. नसेल तर फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास कॅमेऱ्याची बरीच दुकानं आहेत, तिथे आणि ओळखीच्या फोटोग्राफरांकडे चौकशी करून दुरुस्ती करणारा गाठा.

खर्च आधी लेखी विचारा. बुरशी कोणत्या काचेवर आहे, थर खाल्लाय का, हे त्यांना उघडल्यावरच कळतं, म्हणून "थर गेलेला असेल तर पुढे न जाता मला फोन करा" असं देतानाच सांगा. दुरुस्तीचा आकडा तीच लेन्स वापरलेली घेण्याच्या निम्म्यावर जात असेल तर मी दुरुस्त करत नाही.

माझी ती ७०-३०० मी एका दुकानात दिली होती. बुरशी गेली, काच आरशासारखी परत मिळाली, मी खुशीत पैसे देऊन घरी आले. पुढच्या रविवारी राष्ट्रीय उद्यानात तुरेवाल्या सर्पगरुडाचे चाळीस फोटो काढले. प्रत्येकात उजवी बाजू पुसट. परत नेल्यावर "आधीपासूनच तशी असेल" हे उत्तर मिळालं, आणि आधीचा एकही परीक्षेचा फोटो माझ्याकडे नव्हता.

आता लेन्स दुरुस्तीला देण्याच्या आदल्या रात्री मी कॅलेंडरचे फोटो घेते आणि तारखेसह ठेवते. ते पान घडी करून बॅगेच्या मागच्या खणात असतं. लेन्स परत घेताना दुकानातल्याच भिंतीवर ते चिकटवते, कॅमेरा काउंटरवर टेकवते, एफ ८ आणि पूर्ण उघड्या छिद्राला एकेक फोटो घेते, चारही कोपरे मोठे करून आधीच्या फोटोंशी ताडून बघते. दहा मिनिटं लागतात. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही. पैसे त्यानंतर.